मेलेल्याचा दर

एर्सिलिया बेंतोस हे नाव मोन्तेविदेओच्या आमच्या पालेर्मो वस्तीत कुणाला विचारलं असतं, तर लोकांनी खांदे उडवून पुढचा रस्ता धरला असता. "लाबोर्देची विधवा" म्हटलं की मात्र खाटीकसुद्धा सुरी खाली ठेवून घर दाखवायला यायचा. कबरस्तानाच्या भिंतीकडे उतरणारी गल्ली, हिरवं दार, दोन खोल्या. विजेच्या बिलावर तेच नाव, औषधवाल्याच्या चिठ्ठीवर तेच, पाद्रीबाबाच्या तोंडी तेच. आमच्या मोन्तेविदेओची रीतच आहे ती. नवरा मेला की बाईच्या नावात तो कायमचं बिऱ्हाड करतो. जिवंतपणी ज्यांचा घरी पाय ठरत नाही असे पुरुष मेल्यावर बरे जागचे हलत नाहीत!

एर्सिलियाचा बाप सेर्रोच्या मांसाच्या कारखान्यात जनावरं उतरवून घ्यायचा. पोरीच्या नशिबी तो वास नको म्हणून त्याने पोटाला चिमटा घेऊन तिला टंकलेखन शिकवलं. विशीत ती एका वकिलाकडे कामाला लागली, आणि फावल्या वेळात बाहेरची कामं घेऊ लागली, पानामागे अमुक पैसे अशा हिशेबाने. तिथेच आन्सेल्मो लाबोर्दे आला. डोक्याला कलती टोपी, ओठात विडी, बोलण्यात साखर, खिशात दमडी नाही. कथा टाइप करून घ्यायचा आणि पैसे पुढच्या खेपेला म्हणायचा. चौथ्या की पाचव्या खेपेला एर्सिलियाने हात पुढे केला, "आधीचे टाका, मग यंत्राला हात लावीन." आन्सेल्मोने तोच हात धरला आणि म्हणाला, "पानावारी परवडत नाही ग. त्यापेक्षा लग्न करू, स्वस्तात पडेल."

ती हसली. हसली आणि फसली म्हणतात ते हेच! तेव्हापासून त्याच्या एकाही पानाचे पैसे तिला मिळाले नाहीत.

पण माणूस वाईट नव्हता हो. कथा खरंच चांगल्या लिहायचा. "एल बालकॉन" साप्ताहिकात त्याचं नाव यायला लागलं तेव्हा सगळ्या गल्लीने त्याला पाजली. त्या साप्ताहिकाचा कायदा सगळ्या शहराला पाठ होता. नाव असलेल्याला पानामागे रोख, आणि नाव नसलेल्याला अंकाच्या तीन फुकट प्रती, म्हणजे "तीन अंक", आणि "सन्मान". सन्मानाचं कालवण होत नाही हे संपादक रुपेर्तो साबालेतांना कोण सांगणार? नवी पोरं घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची आणि वर साबालेतांचे आभार मानायची. आन्सेल्मोनेही वर्षानुवर्षं तसंच काढलं. मग एकदा त्याचं नाव झालं आणि त्याला रोख मिळू लागली. घरात लोण्याचा डबा दिसू लागला, एर्सिलियाला एक कोट झाला.

आणि एका ऑगस्टात, आमच्याकडच्या ऐन थंडीत, दाढी करता करता तो खोकला आणि आरशासमोरच कोसळला. छातीचं जुनंच दुखणं होतं. गालाला फेस तसाच होता. तो एर्सिलियाने पुसला.

मयताला साबालेता आले. मोठा हार, अंगाला अत्तर, चेहरा पाडलेला. पेटीपाशी उभे राहून क्रूस केला आणि तिच्या कानाशी वाकले. "वहिनी, वेळ बरी नाही, मला कळतंय. पण मेजाच्या खणात त्याचं काही राहिलंय का हो?"

माणसाची लाज कुठे जाते कोण जाणे! पण खणात दोन कथा होत्या, आणि घरमालक दारात उभा होता. तिने दिल्या. काळी चौकट घातलेला तो अंक दुपारपर्यंत संपला. मेलेला लाबोर्दे जिवंत लाबोर्देपेक्षा जास्त खपतो हे साबालेतांच्या लक्षात आलं, आणि ते स्वतः पाकीट घेऊन हिरव्या दाराशी आले. पाकीट जाडजूड होतं. "आणखी आहे ना काही खणात?"

खण रिकामा होता. तिने त्या पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहे."

त्या दिवशी दुपारी, सगळं शहर जेवून पडलं असताना, तिने खिडक्यांची दारं ओढून घेतली आणि त्याच्या मेजाशी बसली. एक ओळ सुचेना. ऊन फटीतून येत होतं, माशी फिरत होती, ती कागदाकडे बघत होती. शेवटी त्याच्या डबीतली उरलेली तंबाखू चिमूटभर घेऊन राखदाणीत पेटवली. उगाच, सोबतीला. धूर पसरला, घर होतं तसं झालं, आणि तिचा हात चालू लागला. आंधळा घोडा कारखान्यात विकायला नेणाऱ्या एका मुलीची कथा. घोड्याला दिसत नाही पण वाट पाठ आहे, आणि मुलीला दिसतं पण ती वाट चुकवू बघते. संध्याकाळ व्हायच्या आत कथा पुरी झाली. एर्सिलियाने ती वाचली आणि तिला रडू फुटलं. चांगली झाली होती! आयुष्यात पहिल्यांदा तिने काही लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली नवऱ्याचं नाव टाकायचं होतं.

साबालेतांना टाइप केलेलं नुसतं चालत नसे. त्यांना समासात लेखकाच्या हातच्या दुरुस्त्या हव्यात, शेवटी सही हवी. असले कागद ते काचेखाली लावून वाचकांना दाखवायचे. म्हणून ती रोज बसून त्याचं अक्षर गिरवू लागली. उजवीकडे कललेलं, सहीखाली लांब शेपूट. महिन्याभरात असं जमलं की तिचं तिलाच ओळखू येईना.

असं किती वर्षं चाललं? सात तरी. मोन्तेविदेओत कुणी एवढा नेमाने लिहिणारा मेलेला माणूस पाहिला नव्हता.

आणि तो यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा ती मेजाशी होती. शेजारच्या खोलीत खोकला. ओला, खोल, शेवटी घसा खाकरलेला. "कोण आहे?" म्हणत ती उठली, पडदा सारला. पलंग, कपाट, आरसा. कुणी नाही. ती स्वतःशी म्हणाली, भास आहे, तंबाखूचा धूर डोक्यात गेला. पुढच्या आठवड्यात तिने तंबाखू न पेटवता लिहायचं ठरवलं, तर बसल्या बसल्या धुराचा वास आपोआप आला. राखदाणी धुऊन पालथी ठेवलेली होती.

भिंतीपलीकडे म्हातारी फिलोमेना राहायची, इटलीतल्या नापोलीकडची. जरा विसरभोळी होती. एकदा ती कुंपणावरून म्हणाली, "एर्सिलिया, काल दुपारी तुझा नवरा फारच खोकत होता ग. मध चाटव त्याला."

"मावशी, तो वारला ना?"

म्हातारीने तोंडावर हात घेतला. "अगं बाई, खरंच की. मग कोण खोकत होतं?"

एर्सिलियाने आत येऊन कडी लावली आणि बराच वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली. आपल्याला एकटीला ऐकू येतं तोवर ठीक होतं. वेड म्हणता येत होतं त्याला.

हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. एखादं वाक्य फसलं की खुर्चीमागे फळी करकरायची. ती न वळता म्हणायची, "हो, हो, कळलं. काढते." कथा चांगली उतरली की खोकला यायचाच नाही. तंबाखूवाला विचारायचा, "साहेबांची नेहमीचीच ना?" आणि ती हो म्हणून पुडी घ्यायची. पण कधी कधी ऐन दुपारी तिला वाटायचं, हा इथे आहे तर मी कुठे आहे? कारण त्या घरात लिहिणारा तो होता, पैसे मिळवणारा तो होता, लोक नमस्कार सांगायचे तेही त्यालाच. कुजबुज करणारेही होते. औषधवाल्याची बायको तर तिच्या तोंडावर म्हणाली, "मेल्याच्या टाळूवरचं लोणी बरं पचतंय हो तुम्हाला!" तिला काय माहीत, ते लोणी कोण घुसळत होतं.

एकदा एर्सिलियाने हिय्या केला. एक नवी कथा स्वतःच्या नावाने, माहेरच्या, एर्सिलिया बेंतोस म्हणून, टपालाने पाठवून दिली. पत्ता मैत्रिणीचा दिला. साबालेतांचं उत्तर आलं. "लेखणीत पाणी आहे. छापू. नव्या लेखकांना आम्ही तीन अंक आणि सन्मान देतो." तिने ते पत्र चुलीत घातलं. कथा परत मागवली, पुन्हा टाइप केली, समासात कललेल्या अक्षरात चार दुरुस्त्या केल्या, शेवटी लांब शेपटाची सही ठोकली आणि दोन महिन्यांनी तीच कथा साबालेतांच्या हातात दिली. त्यांनी डोळे पुसले. "वहिनी, असा लेखक पुन्हा होणे नाही." पाकीट नेहमीसारखंच जाड होतं. पैसे किराणावाल्याला देताना तिला एवढा संताप आला की सुटे तिच्या हातातून घरंगळले.

त्या दुपारी शेजारच्या खोलीत तो खोकला नाही. हसला.

मग संप झाला. हसू नका, कथालेखकांचाच संप. सगळे पंचविशीतले, कोपरं झिजलेल्या कोटांचे. त्यांचा म्होरक्या वॉशिंग्टन पिरिस. आमच्याकडे बाप लोक पोरांना असली नावं ठेवतात. त्याच्या धाकट्या भावाचं नाव नेल्सन. दिवसा तो गोदीवर गोण्या मोजायचा आणि दुपारच्या सुट्टीत लोकरीच्या गाठोड्यांवर बसून लिहायचा. त्यांचं मागणं साधं होतं. छापाल त्याला पैसे द्या, नाव असो नसो, पानाचा दर सगळ्यांना एकच. तोवर "एल बालकॉन"ला एक ओळ मिळणार नाही.

साबालेता कॅफेत सगळ्यांसमोर पोटावर हात ठेवून हसले. "लिहू नका रे! माझा लाबोर्दे आहे ना. तो संप करत नाही, आगाऊ रक्कम मागत नाही, दारू पिऊन दारात येत नाही. मेलेला माणूस सोन्यासारखा असतो."

आणि त्याच संध्याकाळी ते हिरव्या दाराशी आले. या खेपेला दोन पाकिटं. "वहिनी, आता दर आठवड्याला हवी. दर दुप्पट."

दुप्पट! घराचं छत गळत होतं. तिने पाकिटं घेतली. दोन आठवडे दोन कथा दिल्या. काचेखाली कललेल्या अक्षराचे कागद लागले आणि संपवाल्या पोरांनी ते रस्त्यावरून पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात दारावर थाप पडली. बाहेर वॉशिंग्टन पिरिस, टोपी हातात.

"लाबोर्देबाई, भांडायला आलो नाही," तो म्हणाला. चेहरा मात्र भांडणाचाच होता.

"मग आत ये. दारात भांडलास तर फिलोमेना मावशीला सगळं ऐकू जाईल."

तिने येर्बाचा, आमच्याकडच्या त्या कडू पाल्याचा, कढ केला, भोपळ्याचा तुंबा त्याच्या हातात दिला. तो नळीने ओढत मेजाकडे बघत राहिला. जणू तिथे कुणी बसलंय. मग म्हणाला, "तो खण बंद करा, बाई. हात जोडतो. आमच्यात एकाची बायको बाळंत व्हायचीय. एकाने कोट गहाण टाकलाय. आम्ही साबालेताशी लढू शकतो. मेलेल्याशी कसं लढायचं? तुमचा मेलेला माणूस आमची भाकरी खातोय."

एर्सिलियाने आणखी पाणी ओतायला किटली उचलली.

"आणि वाईट काय आहे सांगू?" पोराचा आवाज बदलला. "मी लिहायला लागलो तो त्यांच्यामुळे. तो आंधळा घोडा. मला तोंडपाठ आहे ती कथा. गोदीवर गोण्या मोजताना मनात म्हणतो. ज्याच्या पाया पडावं त्यालाच शिव्या द्यायची पाळी आलीय."

तिने किटली खाली ठेवली. आतल्या खोलीत खोकला आला. पोराने मान वळवली नाही, म्हणजे त्याला ऐकू आला नसावा.

"तो घोडा माझ्या बापाचा होता," एर्सिलिया म्हणाली.

"काय?"

"सेर्रोच्या कारखान्यात. मी नऊ वर्षांची होते. बापाने मला त्याच्यासोबत धाडलं, कारण बापाच्याने जाववेना. आन्सेल्मोने जन्मात घोड्याला हात लावला नाही, घाबरायचा तो. ती कथा मी लिहिली. खणात काहीच नव्हतं रे. तो गेल्यापासूनचं सगळं मी लिहिलं."

वॉशिंग्टन तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला कीव आली, ती तिला दिसली. दुःखाने बाईचं डोकं फिरलं असं त्याला वाटत होतं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला. त्याने तुंबा खाली ठेवला.

"म्हणजे आमचा संप तुम्ही फोडताय. तो नाही."

"हो."

"आणि तुमच्या स्वतःच्या नावाने दिली असती तर?"

"तीन अंक आणि सन्मान."

तो उठला. टोपी डोक्यावर घालायची विसरला. दारातून मागे वळून म्हणाला, "मग तुम्ही कुणाच्या बाजूच्या, बाई? मेलेल्यांच्या की आमच्या?" आणि गेला.

हे वाक्य एर्सिलियाला झोंबलं. रागावायला जागा नव्हती म्हणून जास्तच झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती कोट घालून स्वतः साबालेतांच्या कचेरीत गेली आणि पाकिटं मेजावर ठेवली. "खण संपला."

साबालेतांनी चष्मा काढला. "वहिनी, खण तिसऱ्या कथेलाच संपला होता. मला काय दूधखुळा समजता? आन्सेल्मोच्या कथेत बाई कधी भांडी घासत नसे. अचानक सगळ्या घासायला लागल्या."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "माहीत होतं तुम्हाला?"

"मी कथा विकत घेत नाही हो, नाव घेतो. नाव त्याचं होतं. कोण लिहितंय याच्याशी मला काय देणंघेणं?" ते पुढे झुकले. "उद्या छापून टाकीन, विधवेने सगळ्या शहराला फसवलं म्हणून."

"छापा ना," एर्सिलिया म्हणाली, आणि तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "मग सात वर्षं काचेखाली काय लावत होतात तेही छापा."

साबालेतांनी विधवेबद्दल एक अक्षर छापलं नाही. चार आठवडे त्यांनी कसेबसे रेटले. लोणच्याच्या पाककृती, शिळे विनोद, कुणा निवृत्त कर्नलाच्या आठवणी. वाचकांनी शिव्या घातल्या, विक्रेत्यांनी गठ्ठे परत केले. शेवटी त्यांनी वॉशिंग्टनला बोलावून घेतलं. ठरलं ते असं: छापलेल्या प्रत्येक लेखकाला पानामागे एकच दर, नवा असो की जुना. मध्ये दलाल नको, म्हणून लेखकाने शुक्रवारी स्वतः खिडकीशी यायचं आणि छापलेल्या नावाने सही करून पैसे न्यायचे. मेलेल्यांना नव्या लेखनाचा दर नाही. हे शेवटचं कलम पोरांनी हसत हसत घालून घेतलं.

एर्सिलियाने कथा दिली. वर नाव घातलं, एर्सिलिया बेंतोस. साबालेतांनी पेन्सिल उचलली. "खाली 'लाबोर्देंची विधवा' टाकू. खपेल."

"नाही. एवढंच."

"कोण वाचणार?"

"ते मी बघेन."

दर आन्सेल्मोच्या दराच्या निम्म्याहून कमी होता. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, स्वतः लिहिलेल्या पानाचे पैसे स्वतःच्या नावाने हातात यावेत. लग्नाच्या आधी वकिलाच्या कचेरीत यायचे तसे.

कथा छापून आली त्या आठवड्यात घर शांत झालं. खोकला नाही, धूर नाही, फळी वाजली नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती दुपारी मेजाशी बसून कान देत होती. "आन्सेल्मो?" तिने एकदा हाकही मारली. रागावून गेला का? गेला तर कुठे गेला? रोजचा माणूस घरात नसला की तो कुठून येईल याची धास्ती वाटते, तसं तिला होत होतं. फिलोमेना कुंपणावरून म्हणाली, "तुझा नवरा बाहेर पडला वाटतं ग आज. पावलं ऐकली मी."

शुक्रवारी ती कोट घालून, केस विंचरून गेली. कचेरीच्या खालच्या मजल्यावर जाळीची खिडकी, आत कारकून अल्सीदेस, टक्कल पडलेला, गालात पेपरमिंटची गोळी. बाहेर पोरांची रांग. काय गलका! कुणी पहिल्या पैशाने बूट घेणार होता, कुणी उधारी फेडणार होता. ज्याची बायको बाळंत झाली होती तो सगळ्यांना मुलीचं वजन सांगत होता. एर्सिलिया दिसताच रांग दुभंगली. वॉशिंग्टनने सगळ्यांना सांगून टाकलं होतं बहुतेक. कुणीतरी टोपी काढली. "वहिनी, पुढे या. आंधळ्या घोड्याच्या आई तुम्ही!"

तिला हसू आलं आणि रडूही. किती वर्षांनी कुणी तिला तिच्या कामावरून ओळखत होतं!

"एर्सिलिया बेंतोस," अल्सीदेसने मोठ्याने वाचलं आणि पावती खिडकीतून सरकवली. "इथे सही करा, बाई."

तिने टाक बुडवला आणि सही केली. अल्सीदेसने पावती ओढून घेतली, टिपकागद ठेवला, उचलला, आणि गोळी गालातल्या गालात थांबली.

"बाई, हे काय?"

तिने पाहिलं. उजवीकडे कललेलं, खाली लांब शेपूट. आन्सेल्मो लाबोर्दे.

"अगंबाई! सवय हो," ती म्हणाली. "दुसरी द्या."

पोरं हसली. "पैसे पळून जात नाहीत, वहिनी!" अल्सीदेसने दुसरी पावती दिली. तिने या वेळी सावकाश, ओठ हलवत, आपलं नाव म्हणत लिहायला घेतलं. ए, र्सि, लि, या. ओठ म्हणत होते एक आणि टाक चालत होता भलताच. तिने डोळ्यांनी पाहिलं, आपलाच हात, आपलीच बोटं, करंगळीवरचा भाजल्याचा डाग, आणि ती बोटं ऐटीत, जराही न अडखळता शेपूट ओढत होती. तिने हात मागे घेतला. तो आला, पण सही पुरी झाल्यावर.

आता कुणी हसलं नाही. रांगेत एवढी शांतता झाली की वरच्या मजल्यावरची यंत्रं ऐकू यायला लागली. एर्सिलियाला तंबाखूचा वास आला. तिने मागे पाहिलं. कुणीही विडी ओढत नव्हतं.

"वहिनी, बसा जरा," वॉशिंग्टन जवळ येऊन हळूच म्हणाला. "दमलात तुम्ही."

"दमले नाही. हा सोडत नाहीये मला."

"कोण?"

तिने तिसरी पावती मागितली. डाव्या हाताने लिहून पाहिलं, तर नुसते फराटे उठले, पण फराटेसुद्धा उजवीकडे कलले. सात वर्षं त्याचं नाव लिहून लिहून आपण आपलं नाव कुठे ठेवलं तेच तिला सापडेना. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, अरे मी आहे इथे, मीच आहे! पण ते कागदावर यायला हवं होतं, तोंडातून येऊन उपयोग नव्हता.

अल्सीदेस भला माणूस. तो कानकोंडा झाला. "बाई, मेलेल्याच्या सहीवर मी पैसे देऊ शकत नाही. करारच तसा आहे. तुम्ही सोमवारी या. घरी सराव करून या."

"घरी?" एर्सिलिया म्हणाली. "घरी नाही. आज, इथेच."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून खालच्या फळीवरून एक पत्र्याची चपटी डबी काढली. आत शाईची गादी होती. अंक वाटणारे गाडीवान, झाडूवाले यांच्यासाठी ठेवलेली. "अंगठा चालतो. नियमात आहे. पण बाई," त्याने आवाज खाली आणला, "अंगठा घेतला की बाजूला मला एक ओळ लिहावी लागते. सगळ्यांच्या पावतीवर लिहितो. लिहिली नाही तर वरून पावती परत येते."

"लिहा."

"काय लिहितात ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"लिहा म्हटलं ना."

त्याने मान खाली घातली आणि गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं. "एर्सिलिया बेंतोस, लेखिका. लिहिता येत नसल्यामुळे अंगठा घेतला." एर्सिलियाने कागद आपल्याकडे फिरवून ती ओळ नीट वाचली. वॉशिंग्टनने तोंड भिंतीकडे वळवलं. तिने अंगठा शाईवर दाबला, मग कागदावर, आणि उचलायची घाई केली नाही. अल्सीदेसने पैसे मोजून खिडकीतून सरकवले आणि पुढच्या लेखकाचं नाव पुकारलं.